तेराव्या शतकात जायचं तर घालायचं काय?

जुन्या काळातले कपडे घालून मध्ययुग जगून बघणाऱ्या एका अमेरिकन संस्थेत मी जाते, आणि तिथे घालायचं काय हा माझा प्रश्न. "मग सोपं आहे की, मावळा होऊन जा!" हे मला आत्तापर्यंत भेटलेल्या प्रत्येक मराठी माणसाने सांगितलंय, नवऱ्यासकट. तर नाही, सोपं नाहीये, कारण त्या लोकांचा नियम असा की सतराव्या शतकाच्या आधीचंच चालतं, आणि महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे मावळा बाद, पेशवाई तर बादच बाद, आणि नऊवारी-नथ-चंद्रकोर असं जे आपण गणपतीत 'पारंपरिक' म्हणून मिरवतो त्यातलं बरंचसं संशयित. मग उरतं काय? हाच प्रश्न मला पडला आणि त्यातून पुढचं सगळं झालं.

आधी प्रकरण काय ते सांगते. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनॅक्रॉनिझम, सगळे एससीए म्हणतात. १ मे १९६६ ला (तारीख लक्षात राहायला सोपी, महाराष्ट्र दिन) कॅलिफोर्नियात बर्कलीला एका घराच्या मागच्या अंगणात काही मित्रमंडळींनी मध्ययुगीन कपडे घालून तलवारीची स्पर्धा ठेवली, जेवण केलं आणि शेवटी टेलिग्राफ ॲव्हेन्यूवरून विसाव्या शतकाचा निषेध करत मोर्चा काढला. बर्कली आणि मोर्चा नाही असं कसं होईल. ते लोक आजही स्वतःची वर्षं त्या दिवसापासून मोजतात. आता त्याची वीस 'राज्यं' झालीयेत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं एक, युरोपचं एक, बाकी बहुतेक अमेरिका-कॅनडात. आम्ही राहतो पिट्सबर्गला, म्हणजे एथेलमार्क नावाच्या राज्यात, ते १९९७ ला ईस्ट किंगडममधून वेगळं झालं. प्रत्येक राज्याला राजा-राणी असतात आणि ते निवडून नाही, लढून येतात. साधारण सहा महिन्यांचं राज्य. पगार शून्य, उलट प्रवास, कपडे, लोकांना द्यायच्या भेटी सगळं स्वतःच्या खिशातून. आपल्याकडे अशी पद्धत आली तर उमेदवार शोधावे लागतील.

मी यात कशी आले तर माझ्या टीममधली एक बाई लंच ब्रेकमध्ये हाताने काहीतरी शिवत बसायची, लिननचं, इतके बारीक टाके की मला वाटलं बाळंतविडा असेल. विचारलं तर म्हणाली चौदाव्या शतकातला अंगरखा आहे, नवऱ्यासाठी. मशीन नाही का घरी? आहे, पण आतल्या शिवणी मशीनने आणि दिसणाऱ्या हाताने, असं म्हणाली. मला ते फारच आवडलं. हा असा व्यवहारीपणा पुढे सगळीकडेच दिसला, म्हणजे प्रयत्न प्रामाणिक करायचा पण चष्मा काढून झाडावर आपटायचं नाही.

जायला मेंबर असावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मेंबर नसलात तर इव्हेंटला थोडे पैसे जास्त पडतात, एवढंच. एकच अट पक्की: सतराव्या शतकाआधीचे कपडे घालण्याचा 'प्रयत्न' हवा. कपड्यांना ते गार्ब म्हणतात. आणि नवीन माणसाकडे गार्ब कुठून असणार, म्हणून प्रत्येक ग्रुपमध्ये शॅटलेन नावाची एक पदाधिकारी असते, तिचं काम नवीन लोकांना सांभाळणं, आणि तिच्या ताब्यात उसने द्यायच्या कपड्यांचे प्लास्टिकचे मोठे डबे असतात, त्याला गोल्ड की म्हणतात. मला त्यातून एक मातकट हिरवा पायघोळ ट्यूनिक मिळाला, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, ज्यात मी आणि माझी सासू एकाच वेळी मावलो असतो. वर कंबरेला बांधायला मी माझा एक पांढरा सुती शेला नेला होता, पण आधी विचारून घेतलं ते बरं झालं, कारण पांढरा पट्टा हा तिकडे फक्त नाइट, म्हणजे लढाईतून तो मान मिळवलेल्या, लोकांचा. बाकी कुठलाही रंग बांध म्हणाली. साध्या सोनेरी साखळीचंही तसंच. कुणी अडवत नाही म्हणे, पण सगळे बघत राहतात, आणि मग कुणीतरी हळूच बाजूला घेऊन सांगतं.

पहिल्यांदा गेले ती आठवड्याच्या प्रॅक्टिसला. लढाई. मला वाटलं होतं नाटकासारखं ठरवून वार करत असतील, तर अजिबात नाही, खरोखर पूर्ण ताकदीने मारतात. तलवारी वेताच्या. होय, आपल्या शाळेतल्या छडीचाच वेत, पण इथे जाडी किमान सव्वा इंच आणि वरून डक्ट टेप गुंडाळलेली. अंगावर काय काय असलंच पाहिजे याची यादी आहे: १६ गेज पोलादाचं शिरस्त्राण, गळ्याला गॉर्जेट, कोपर, गुडघे, हात, आणि पाठीमागे किडनीवर काहीतरी कडक. मार्शल येऊन हे सगळं ठोकून तपासतो, मगच मैदानात. आणि मैदानात उतरायलाही आधी परीक्षा होऊन परवानगी मिळावी लागते. मला सगळ्यात मजा कशाची वाटली तर वार लागला की नाही हे पंच ठरवत नाही, ज्याला लागला तोच ठरवतो. 'गुड' म्हणायचं आणि पडायचं. पायाला लागलं तर गुडघ्यावर बसून लढायचं, हाताला लागलं तर तो हात गेला. समोरचा मेलेला असून मरत नाहीये असं दिसलं तरी तुम्ही काही करू शकत नाही, फक्त त्याचं नाव खराब होतं. गल्ली क्रिकेटमध्ये वाढलेल्या मला हे पटायला वेळ लागला. उसनं चिलखत घालून मीही उभी राहून बघितलं. आतून घामाचा जो काय वास येतो तो चौदाव्या शतकातलाच असावा. हेल्मेटच्या जाळीतून समोरचा माणूस उभ्या पट्ट्यापट्ट्यांत दिसतो आणि मग टण्ण असा आवाज होतो, दुखत काहीच नाही पण दातांपर्यंत पोचतो. माझ्यासाठी नाहीये हे, तिथेच ठरवलं.

मग माझ्यासाठी काय? तर स्वयंपाकघर.

पहिला पूर्ण दिवसाचा इव्हेंट एका चर्चच्या हॉलमध्ये होता. दारात टेबल, सह्या, पैसे, त्या टेबलाला आमच्याकडे ट्रोल म्हणतात कारण पूल ओलांडायचा तर राक्षसाला पैसे द्यावे लागतात. आत गेल्यावर मला कळेना कुठे उभं राहायचं. सगळे एकमेकांना माय लॉर्ड, माय लेडी, मी आपली हिरव्या पोत्यात. शॅटलेन बाईंनी सांगितलं, बोअर झालीस तर किचनमध्ये जा, तिथे हात कायम कमी असतात. गेले. आणि बघते तर हुबेहूब आपलं गणपती मंडळ, एक बाई ओरडतेय, दोघं कांदा चिरतायत, एक माणूस काहीही न करता सल्ले देतोय, आणि ज्यांनी सगळं ठरवलंय ते सकाळपासून जेवलेले नाहीत. मला गाजरं सोलायला दिली. पदार्थाचं नाव कंपोस्ट. मी म्हटलं हे खायचंय ना? तर ती चौदाव्या शतकाच्या शेवटची, इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या खानसाम्यांची रेसिपी: गाजर, मुळा, सलगम, कोबी, पेअर उकडून मीठ लावायचं, व्हिनेगर आणि केशर घालून रात्रभर ठेवायचे, मग मध, मोहरी, बडीशेप, मनुका. अहो म्हणजे लोणचं! चव घेतली आणि मला आमच्या घरचं गाजराचं लोणचं आठवलं, फक्त तेल नाही आणि तिखट नाही.

तिखट नाही कारण मिरचीच नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणे, काजू, हे सगळं कोलंबसानंतर अमेरिकेतून निघालेलं. गोवा पोर्तुगीजांनी घेतलं १५१० ला, मिरची आपल्याकडे आली ती त्यांच्यामार्फत. हे मला शाळेपासून 'माहीत' होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मिरची-टोमॅटोला हात न लावता स्वयंपाक करून बघणं वेगळं. उलट त्या इंग्रजी जेवणात मसाले इतके, की आजच्या अमेरिकन जेवणाशी तुलनाच नको. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ, आणि पिंपळी! पिंपळी आमच्याकडे फक्त खोकल्याला मधातून चाटवायची गोष्ट, आणि हे लोक ती वाइनमध्ये घालतायत. किचनची मुख्य बाई मला विचारते, तुझ्याकडे ही पिकते ना, त्या काळात तुम्ही कशात घालायचात? मी गप्प. मग दुसरीने विचारलं तुझा पर्सोना काय?

पर्सोना म्हणजे तुम्ही त्या काळातले कोण. खऱ्या ऐतिहासिक व्यक्तीचं सोंग घ्यायचं नाही, राजा-राणीचंही नाही, त्या काळात जगली असती अशी कुणीतरी साधी बाई. कोणी नॉर्मंडीची विणकर, कोणी आइसलंडचा शेतकरी. मी म्हटलं देवगिरी, साधारण १२८०, रामदेवराय यादवाचं राज्य. हे मी अगदी ऐटीत सांगितलं हो. आणि मग प्रश्न सुरू झाले. काय नेसायची ती? शिवलेलं काही घालायची का? जेवायची कशात? आणि लक्षात आलं की मला ज्ञानेश्वरीचं साल सांगता येतं, १२९०, अलाउद्दिनाची स्वारी सांगता येते, १२९६, पण देवगिरीच्या बाजारात सकाळी निघालेल्या बाईच्या अंगावर काय होतं ते माहीत नाही. ज्ञानेश्वरांपासून उडी मारली की आपण थेट शिवनेरीवर. मधली साडेतीनशे वर्षं लोक काय खात होते, कुठे झोपत होते, कुणी विचारलंच नाही, परीक्षेत नव्हतं ना. आणि इकडे पिट्सबर्गमधला एक प्लंबर मला चौदाव्या शतकातल्या लंडनमधल्या बुटांचे तळवे कसे शिवायचे ते अर्धा तास सांगतो.

मग लागले मागे. खाण्याचं पटकन सापडलं, कारण कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास आहे, ११३० च्या आसपासचा, त्यात जेवणावर भरपूर लिहिलंय. कल्याणी म्हणजे आत्ताचं बसवकल्याण. त्यात उडदाच्या पिठाचे गोळे तुपात तळून वर मिरपूड, जिरं, हिंग, असं इड्डरिका नावाचं आहे, वडे आहेत, आणि वडे दह्यात भिजवायचे हेही आहे. म्हणजे दहीवडा पूर्ण कायदेशीर! मी पुढच्या इव्हेंटला दुपारच्या जेवणासाठी दहीवडे करते म्हणून सांगितलं. आलं, मिरी, जिरं, हिंग, सैंधव, दही. लाल तिखट भुरभुरायला हात शिवशिवतो पण नाही. मुख्य बाई म्हणाली प्रत्येक पदार्थासमोर त्यातल्या सगळ्या वस्तूंचं कार्ड ठेवायचं, ॲलर्जीसाठी, आणि डब्यांवरची लेबलं मला दाखव. मी म्हटलं उडीद आहे, गव्हाचा प्रश्नच नाही. तिने हिंगाची डबी उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवलं: गव्हाचं पीठ. आयुष्यभर ही पिवळी डबी वापरत आले, तिची मागची बाजू कधी वाचली नव्हती. मग खडा हिंग मागवला, खलबत्त्यात कुटला, गाडीत ठेवला तर पुढचे कितीतरी दिवस नवरा काचा खाली करून ऑफिसला जात होता. वडे मात्र संपले. दोघा-तिघांनी रेसिपीचं साल विचारून घेतलं, चवीचं कौतुक नंतर.

कपड्यांचं इतकं सरळ नव्हतं. यादवकालीन म्हणून मी सिन्नरच्या गोंदेश्वराचे फोटो काढून बसले, आणि शिल्पातल्या बायकांच्या अंगावर कापडापेक्षा दागिनेच जास्त. तसं जाऊन चर्चच्या हॉलमध्ये कसं चालेल? शिवाय शिल्पातली सुरसुंदरी म्हणजे रोजच्या बाजारातली बाई नव्हे, हेही आहेच. मग शेजारी बघितलं. पश्चिम भारतातल्या जैन पोथ्यांमधली चित्रं, ती जरा नंतरची, चौदावं-पंधरावं शतक, पण त्यात बायका चोळी घालतात, कमरेला ठशांचं नक्षीदार वस्त्र, वर ओढणी. आणि त्या प्रकारची गुजरातची ठशांची सुती कापडं इजिप्तला फुस्तात नावाच्या जुन्या शहराच्या ढिगाऱ्यात सापडलीयेत, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये त्याचा मोठा संग्रह आहे, ऑनलाइन झूम करून धागे बघता येतात. म्हणजे असलं कापड समुद्रापार विकलं जात होतं, मग देवगिरीसारख्या राजधानीत मिळत नसेल असं कसं म्हणायचं. हा तर्क आहे, पुरावा नाही, आणि मी कार्डावर तसंच लिहिते. पुण्याला गेले तेव्हा अजरखचं कापड घेतलं, नैसर्गिक रंगातलं, निळं आणि गंजासारखं लाल. दुकानदार विचारतो, "ड्रेस की कुर्ता?" आता काय सांगू. चोळी हाताने शिवली, पाठीला बंद, आणि सेफ्टी पिन एकही नाही, फक्त खोचून आणि गाठ मारून दिवसभर भांडी घासून दाखवली.

ताटाचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. फीस्टला, म्हणजे इव्हेंटच्या मेजवानीला, आपापलं ताट-वाटी-पेला न्यायचा असतो, बाकीचे लोक लाकडाची ताटं आणि मातीचे पेले शोधून शोधून घेतात, मी घरचं पितळी ताट आणि वाट्या ठेवल्या, तर टेबलावरचे सगळे उचलून वजन बघतायत. फक्त कल्हई लावून घेतलेली हवी, ते त्यांना समजावताना माझी भंबेरी उडाली.

एक तक्रारही नोंदवते. युरोपच्या बाबतीत जे लोक शिवणीपर्यंत काटेकोर, त्यातलेच काही 'पूर्वेकडचं' म्हटलं की चमकीची ओढणी, पोट उघडं, पायात घुंगरू असं काहीही घालून येतात. मुद्दाम नाही करत, त्यांनाही वाचायला सोप्या भाषेत काही मिळत नाही. पण मग ते लिहायचं कोणी? भारतीय पर्सोना घेणारे आहेत, चांगले अभ्यासू आहेत, त्यात भारतीय वंशाचे कमी. मला कुणी कधी परकं वाटू दिलं नाही हे खरं, पण 'तुमच्या संस्कृतीबद्दल सांग' म्हणून हजार वर्षं आणि अख्खा देश एका वाक्यात मागतात तेव्हा दमायला होतं.

आणि पेन्सिक. आम्ही राहतो तिथून तासाभरावर स्लिपरी रॉकजवळ कूपर्स लेक म्हणून कॅम्पग्राउंड आहे, तिथे जुलैच्या शेवटापासून दोन आठवडे पेन्सिक वॉर होतं. युद्ध १९७२ पासूनचं, ही जागा नंतरची, आणि फक्त २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे झालं नाही. दहा हजारांच्या आसपास माणसं तंबू ठोकून राहतात. ईस्ट आणि मिडल या दोन राज्यांचं युद्ध, आणि जुनी गंमत अशी की हरणाऱ्याने पिट्सबर्ग घ्यायचं! आमच्या गावाची ही किंमत. ज्याने मिडलचा राजा असताना युद्धाचं आव्हान दिलं तो डेव्हिड फ्रीडमन, नोबेलवाल्या मिल्टन फ्रीडमन यांचा मुलगा, नंतर राहायला पूर्वेकडे गेला, तिकडचा राजा झाला आणि स्वतःच दिलेलं युद्ध हरला असं सांगतात. मी युद्ध थोडंच बघितलं, हजारभर माणसं एकदम भिडतात तो आवाज पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा, पुरे झालं. बाकी वेळ क्लासेसमध्ये, कारण तिथे रोज ढीगभर वर्ग चालतात, शाई करणं, पट्ट्या विणणं, चीज, वजनं-मापं, कुणीही शिकवू शकतं. रात्री पाऊस, चिखल, तंबूत पाणी, आणि सकाळी पोर्टेबल संडासच्या रांगेत पुढे एक व्हायकिंग, मागे एक नन. कुणी मोबाईल काढला तरी झग्यात लपवून बघतं.

सध्या माझं नाव नोंदवायचं काम चालू आहे आणि ते सगळ्यात लांबलंय. नाव आणि ढालीवरचं चिन्ह दोन्ही हेराल्ड लोक तपासतात, आधी राज्याचे, मग वरचे, महिनोन्महिने. चिन्हासाठी निळ्यावर सोनेरी हत्ती, कडेने पांढरी किनार. रंगावर रंग चालत नाही, सोनं किंवा चांदी हवी, म्हणजे लांबून ओळखता यावं, आणि आधी नोंदवलेल्या कुणाशी फार जुळता कामा नये, म्हणून ती किनार आली. नावासाठी मी लीळाचरित्रात शिरले. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, आणि त्यात महदाइसा, उमाइसा, देमाइसा, किती बायका आहेत आणि काय बोलतात, भांडतात, रुसतात, काय रांधलं ते सांगतात! कपड्यांच्या आणि जेवणाच्या नादात मी ते पहिल्यांदा नीट वाचलं, आणि शाळेत 'मराठीतील आद्य गद्यग्रंथ' एवढी एकच ओळ पाठ करून सोडून दिलं होतं याचा रागच आला. मी देमाइसा घेतलं. पण एकटं नाव चालत नाही, किमान दोन भाग हवेत, म्हणून पैठणवरून काहीतरी लावायचं ठरवलं, पानाची प्रत जोडली, खाली माझं भाषांतर. हेराल्डने दोन प्रश्न पाठवलेत, तो शेवटचा 'सा' मानाचा आहे का, कारण मान आधी मिळवावा लागतो, आणि गावावरून बाईला ओळखायची पद्धत त्या काळात होती याचा दाखला कुठे आहे. दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत, काय बोलणार.

तर कुणाकडे यादवकाळातल्या शिलालेखांमध्ये आलेल्या बायकांची नावं, शक्यतो गावासकट, अशी यादी असेल किंवा कुठल्या पुस्तकात मिळेल माहीत असेल तर सांगा. साल आणि पान नंबर लागेल, 'आमच्या आजीकडून ऐकलंय' चालत नाही, विचारून झालंय.